दानाची यादी कुणासाठी?

फुस्तातच्या ज्यू वस्तीत मंगळवारी आणि शुक्रवारी पाव वाटले जात. फुस्तात म्हणजे आजच्या कैरोतलं जुनं शहर. अकराव्या-बाराव्या शतकात तिथल्या गरजू माणसाच्या वाट्याला आठवड्याला साधारण चार पाव येत आणि कुणाला किती द्यायचे ते कागदावर मांडलेलं असे. अमक्याची विधवा, तमक्याची आई, एक आंधळा, एक पाणक्या, रूमच्या, म्हणजे बायझंटिनांच्या, मुलखातून आलेली बाई, नुकताच ज्यू धर्म स्वीकारलेला कुणी, पोरकी मुलं. प्रत्येकापुढे पावांचा आकडा. अनेकांची स्वतःची नावंसुद्धा लिहिलेली नाहीत. नात्यावरून, धंद्यावरून, व्यंगावरून किंवा गावावरून ओळखली जाणारी ही माणसं. तरी ती यादीत आहेत, आणि नऊशे वर्षांनी आपल्याला म्हणता येतं की ही बाई होती, तिला त्या आठवड्यात इतके पाव मिळाले.

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात कोरीव लेख पाहताना मला या यादीची उणीव फार जाणवते. १८७५ सालचं हे संग्रहालय दक्षिण कोसलाच्या, म्हणजे जुन्या छत्तीसगडच्या, दानाने भरलेलं आहे. ताम्रपटांत गावं दिली आहेत, शिलालेखांत देवळं बांधली आहेत, अन्नछत्रं घातली आहेत. घेणारा मात्र शोधावा लागतो. सिरपूरचं लक्ष्मण मंदिर घ्या. राणी वासटेने दिवंगत पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ ते विष्णूसाठी उभारलं. तेव्हा तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन राज्य करत होता. त्या लेखात देवळासाठी दिलेल्या गावांच्या उत्पन्नाची वाटणी आहे. एक भाग अन्नसत्रासाठी, एक देवळाच्या डागडुजीसाठी, एक देवळाच्या सेवकांसाठी आणि एक ब्राह्मणांसाठी. ब्राह्मणांचा वाटा मुला-नातवांकडे जायचा तर अटीही आहेत: त्यांनी वेदांगं शिकलेली असावीत, जुगार आणि वेश्यागमन यांपासून दूर राहावं, कुणाची चाकरी करू नये. वाटा विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही. इतकं सगळं बारकाईने लिहिणाऱ्या लेखात सत्रात जेवायला कोण येत होतं, त्याबद्दल एक ओळ नाही. महानदीच्या काठाने आलेला वाटसरू, दुष्काळात गाव सोडलेली बाई, म्हातारा भिक्षू? सिरपूरलाच आनंदप्रभु नावाच्या भिक्षूने विहार बांधला आणि तिथल्या रहिवाशांसाठी सत्र घातलं. तो लेख मो. गं. दीक्षितांच्या १९५०च्या दशकातल्या उत्खननात हाती आला. तिथेही दात्याचं नाव ठळक, जेवणारे निनावी.

दगडावर सामान्य माणूस येतच नाही असं मात्र नाही. आजच्या महासमुंद जिल्ह्यातल्या खल्लारी गावी पंधराव्या शतकाच्या आरंभी देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचं मंदिर बांधलं, आणि कलचुरी राजा हरिब्रह्मदेवाच्या काळातल्या त्या शिलालेखात त्याच्या जातीसह, घराण्यासह त्याची नोंद आहे. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी १९५५ साली कलचुरींच्या लेखांचा जो मोठा संग्रह संपादित केला, त्यातलाच हा लेख. मला तो फार मोलाचा वाटतो. कातडं कमावणाऱ्या, जोडे शिवणाऱ्या घरातल्या माणसाला त्या काळी दगडावर जागा मिळाली, हे लहान नाही. पण ती मिळाली तो दाता झाला तेव्हा. त्याच्याच बिरादरीतला दुसरा कुणी त्याच वर्षी उपाशी निजला असेल, तर त्याची नोंद करायला दगड नव्हता.

फुस्तातमध्ये ती नोंद कशी उरली? कुणी ठरवून जतन केली नाही. देवाचं नाव ज्यावर आलं आहे ते लिखाण नष्ट करू नये, असा ज्यूंचा संकेत. म्हणून जीर्ण कागद एका खोलीत टाकून देत आणि पुढे कधीतरी पुरत. त्या खोलीला गनिझा म्हणतात. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये असं पुरणं बहुतांशी राहून गेलं आणि शतकानुशतकं कागद साठत राहिले. त्यांत धर्मग्रंथ होते, तसे विवाहाचे करार, आंदणातल्या वस्तूंची किमतीसह मोजदाद, औषधांचे कागद, मुलांचे अक्षर गिरवलेले तक्ते, व्यापाऱ्यांची पत्रं, सुटकेचे दाखले, वर्गणीच्या याद्या असं सगळं होतं. १८९६ साली ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी प्रवासातून आणलेलं एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टरने ओळखलं. त्याच हिवाळ्यात तो कैरोला गेला आणि जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला घेऊन आला. विद्वानांचं लक्ष आधी धर्मग्रंथांकडे गेलं, बाजारहाटाचे कागद बाजूला पडले. श्लोमो गॉइटाइनने विसाव्या शतकात ते कागद वाचायला आयुष्य दिलं आणि १९६७ पासून त्याच्या भूमध्यसागरी समाजावरच्या ग्रंथाचे खंड निघाले. पुढे मार्क कोहेनने फक्त गरिबी आणि दान यांचे कागद घेऊन २००५ साली दोन पुस्तकं केली, एकात अभ्यास आणि दुसऱ्यात खुद्द गरिबांची पत्रं.

हवामानाचाही यात वाटा आहेच. इजिप्तची हवा कोरडी; आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस, वाळवी आणि जुनी वही नदीत सोडण्याची किंवा रद्दीत घालण्याची सवय. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे आपले शनिवार तेली, शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत, शनिवार पाळत राहिले. त्यांच्या मध्ययुगातल्या घरगुती व्यवहाराचे असे कागद आपल्यापर्यंत पोहोचलेले नाहीत. पण सगळं खापर पावसावर फोडणं मला पटत नाही. ताम्रपट टिकला कारण तो टिकावा म्हणून तांब्यावर कोरला, त्यातली जमीन कुणी हिरावू नये म्हणून शेवटी शापवचनं घातली. टिकवण्यासारखं काय, हे आधी ठरलं होतं, आणि त्यात घेणारा नव्हता.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या पालघर जिल्ह्यातलं आहे. डहाणूजवळ चिंचणीला १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांतला राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला पट शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा. संजाण प्रांताचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ताजिकाकडे होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. या अरब अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट तर चालवली आणि अन्नसत्र घातलं; तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. त्याच्याच संमतीने एका ब्राह्मणाने देवीची मठिका बांधली आणि तिला गाव लावून दिलं. पुढच्या शतकात, १०३४ साली, त्याच मठिकेला तेलाचा घाणा दिला, देवीपुढच्या दिव्यासाठी आणि आल्यागेल्या विद्वानांच्या पायांना तेल लावण्यासाठी. मुसलमान अंमलदार, राष्ट्रकूट राजा, देवीची मठिका आणि फुकट तर. कोकणच्या इतिहासातलं इतकं उमदं पान मी दुसरं पाहिलेलं नाही. पण तरीत बसून पलीकडे गेलेली कोळीण, सत्रात जेवून पुढच्या वाटेला लागलेला मजूर यांच्याबद्दल हा पट काही सांगत नाही. भातावर तूप होतं एवढं कळतं. कुणाच्या पानात पडलं ते कळत नाही.

आता तेलावरूनच फुस्तातकडे वळतो. अकराव्या शतकाच्या शेवटी तिथे वुहशा नावाने ओळखली जाणारी एक दलालीण होती. स्वतःच्या हिमतीवर श्रीमंत झालेली. तिला लग्नाबाहेर मूल झालं, आणि उपासाच्या मोठ्या दिवशी ती सिनेगॉगमध्ये आली तेव्हा तिला बाहेर काढण्यात आलं. त्याच वुहशेच्या मृत्युपत्रात सिनेगॉगसाठी रक्कम आहे, रात्री लोकांना अभ्यास करता यावा म्हणून दिव्याच्या तेलाला. गरिबांना वेगळी रक्कम, दफनभूमीला वेगळी, मुलाच्या शिक्षणाची तजवीज. मुलाच्या बापाला मात्र छदाम द्यायचा नाही, असं तिने बजावून लिहिलं. चिंचणीच्या ताम्रपटातला घाणा देणारा आपल्याला पदव्यांसकट भेटतो आणि तरी अनोळखी राहतो. वुहशा एका कागदातून अंगावर येते. कारण तिचा कागद कुणी भविष्यासाठी घडवला नव्हता.

दात्यांपेक्षा मागणाऱ्यांची पत्रं मला जास्त वेळ धरून ठेवतात. नवरा परदेशी गेला तो परतलाच नाही, घरभाडं थकलं, जिझिया भरायला पैसे नाहीत म्हणून दारावर वसूल करणारा बसला आहे, डोळे गेले, मुलगी उपवर आहे. या पत्रांत एक गोष्ट परत परत येते. लिहिणारा सांगतो की आजवर माझी झाकली मूठ होती, मी कुणापुढे हात पसरला नाही, आता पसरायची पाळी आली आहे, तर तुम्ही ती चारचौघांत उघडी पडू देऊ नका. अशी माणसं पावाच्या रांगेत उभी राहायला कचरत, कारण वाटप सिनेगॉगच्या आवारात होई आणि कोण आलं ते सगळ्यांना दिसे. म्हणून ती एखाद्या भल्या माणसाला खासगी चिठ्ठी लिहीत. यावरून फुस्तातची व्यवस्था आदर्श होती असं म्हणता येत नाही. परगावच्या माणसाला ओळखीचं पत्र आणावं लागे, दारोदार फिरावं लागे, कधी त्याच्या वाट्याला काहीच येत नसे. गरिबाची लाज तिथेही होती. फरक इतकाच की ती लाज लिहिली गेली आणि आपल्या हाती आली.

याच शहरात मोशे बेन मैमोन राहत होता, म्हणजे मैमोनिदेस. वैद्य, तत्त्वज्ञ, धर्मशास्त्राचा संहिताकार. त्याचा मृत्यू १२०४ सालचा. त्याचा धाकटा भाऊ दाऊद जवाहिरांचा व्यापार करी आणि घर चालवी. लाल समुद्राकाठच्या ऐधाब बंदरातून दाऊदने भावाला लिहिलेलं पत्र गनिझात मिळालं: माल मनासारखा मिळाला नाही, म्हणून आपण हिंदुस्थानला निघालो आहोत. त्या प्रवासात तो समुद्रात बुडाला. मोशेने वर्षभर अंथरूण धरलं. मैमोनिदेसच्या दानविचाराबद्दल बोलताना हे दुःख विसरू नये असं मला वाटतं; कमावता माणूस गेल्यावर घराचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. फ्रँक फौजांनी पकडलेल्या लोकांना सोडवण्यासाठी वर्गणी मागणारं त्याच्या सहीचं पत्रही याच कागदांत आहे. एका कैद्याची सुटका साधारण तेहतीस दिनारांना पडे, आणि दोन दिनारांत एक साधं कुटुंब महिना काढी. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची, तोंड वाकडं करून देणं. वरून दुसरी, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. सर्वांत वरची, माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करणं की त्याला मागावंच लागू नये.

हिंदुस्थानचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो, या कागदांत आपला किनारा ठिकठिकाणी डोकावतो. अब्राहम बेन यिजू हा व्यापारी मंगळूरला सतरा वर्षं राहिला आणि त्याने १७ ऑक्टोबर ११३२ रोजी आशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा दाखला उरला आहे. बाराव्या शतकातच महरूझ नावाच्या जहाजमालकाने आपल्या मेहुण्याला पत्र लिहिलं. मेहुण्याला चाच्यांनी लुटलं होतं. महरूझ कळवतो की पैशाची गरज लागली तर ठाण्यात असलेल्या तिंबू नाखव्याकडून माझ्या नावावर घे, त्याची आणि माझी भावासारखी मैत्री आहे. तिंबू नावावरून इथलाच असावा. शिलाहारांच्या ठाण्यातला हा माणूस लुटल्या गेलेल्या एका परदेशी ज्यूला आधार देणार होता, आणि हे आपल्याला कोकणातल्या कुठल्याही शिलालेखाने नाही, इजिप्तच्या अडगळीने सांगितलं.

मग मैमोनिदेस म्हणतो तसं देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांना अनोळखी असतील, तर यादी कशाला? माझ्या मते फुस्तातच्या याद्यांचं उत्तर इथे आहे. पैसा सर्वांच्या पेटीत जाई, कुणाचा पैसा कुणाला गेला ते कळत नसे. वाटपाचं काम विश्वस्तांकडे, त्यांना पर्नास म्हणत, आणि त्यांना हिशेब द्यावा लागे. धर्मादाय घरांचं भाडं किती आलं, डागडुजीला किती गेलं, तेलाला किती, गटार उपसायला किती, पावाला किती. पावाची यादी त्या हिशेबाचा भाग होती. वाटणारा चुकू नये, खाऊ नये म्हणून ती लिहिली जाई. मध्ययुगीन शासनपत्रांत आपल्याला अट घेणाऱ्यावर दिसते, सिरपूरला ब्राह्मणाच्या नातवाने जुगार खेळू नये अशी. पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेतही परीक्षा होई ती घेणाऱ्या ब्राह्मणाची. फुस्तातच्या कागदात परीक्षा वाटणाऱ्याची आहे.

छत्तीसगडमध्ये राहणाऱ्याला हा फरक पुस्तकी वाटू नये. २००४ साली इथल्या रेशन दुकानांचा कारभार खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिला गेला. पुढे धान्याच्या खरेदीपासून दुकानापर्यंतचा हिशेब संगणकावर आला, आणि कुठल्या कार्डावर किती तांदूळ गेला ते कुणालाही पाहता येऊ लागलं. २०१२ साली राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला, केंद्राच्या कायद्याच्या आधी. वाटेत तांदूळ गायब होणं कमी झालं त्याला ही उघडी यादी कारण होती, असं मी मानतो. म्हणजे यादी उघडी असण्यातही गरिबाचा फायदा असू शकतो. पण २०१७ साली राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात काय झालं तेही पाहा. हे कुटुंब गरीब आहे आणि सरकारी धान्य घेतं, असं लोकांच्या घरांच्या भिंतींवर रंगवण्यात आलं. माहिती तीच, नाव तेच. दुकानाच्या वहीतली नोंद दुकानदाराला बांधते, घराच्या भिंतीवरची नोंद घरातल्या बाईला. ही दुसरी यादी मला क्रूर वाटते आणि तिला पारदर्शकता म्हणणं मी मान्य करणार नाही. फुस्तातची ती झाकली मूठ सांभाळणारी माणसं दौसात असती तर त्यांनी धान्य सोडलं असतं.

लाज टाळण्याचा एक मार्ग छत्तीसगडच्या शेतकऱ्यांनी कधीच शोधला आहे. पौष पौर्णिमेला, छेरछेराच्या दिवशी, मुलं-माणसं घरोघर धान मागत फिरतात आणि दारी आलेल्या कुणालाही कोठीतून धान दिलं जातं. ज्याच्या घरी कणगी भरलेल्या आहेत त्याची मुलंही मागतात, म्हणून ज्याच्या घरी काही नाही त्याचा मुलगा वेगळा दिसत नाही. अनेक गावांत हे धान रामकोठीत जमा होतं आणि अडल्यानडल्याला पेरणीच्या दिवसांत उसनं मिळतं, पीक आल्यावर परत करायचं. मैमोनिदेसच्या वरच्या दोन्ही पायऱ्या या एका रिवाजात आहेत, आणि त्या कुणी ग्रंथ वाचून घातलेल्या नाहीत. रायपूरच्या मराठी माणसांनाही ही वरची पायरी ठाऊक होती. माधवराव सप्र्यांचे सहकारी वामन बळीराम लाखे यांनी १९१३ साली इथे सहकारी बँक उभी केली, ती शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून. आज लाखेनगर हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या बँकेच्या पहिल्या कर्जदारांबद्दल कुणी विचारत नाही: कोणत्या गावचे, किती रुपये, बैलासाठी की बियाण्यासाठी, कुणी फेडलं आणि कुणाचं बुडालं.

विचारायला हवं, आणि त्यासाठी वह्या राहायला हव्यात. सत्कार समारंभाची छायाचित्रं, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, इमारतीच्या कोनशिला यांची काळजी कुणाला करावी लागत नाही. जातात ते दुसरे कागद. वसतिगृहात निम्म्या फीवर ठेवलेल्या मुलांचं रजिस्टर, शिष्यवृत्तीसाठी विधवा आईने केलेला अर्ज, रामकोठीची उसनवारीची वही, दवाखान्यातल्या मोफत औषधांची नोंद, मठातल्या आणि गुरुद्वारातल्या स्वयंपाकघराचा रोजचा शिधा. जागा कमी पडली की हेच आधी रद्दीत निघतं. अर्जातल्या बाईचा नातू याच शहरात राहत असेल, त्याला आपल्या आजीची गरिबी पुस्तकात वाचायला आवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. म्हणून हे कागद आज छापू नयेत, संगणकावर चढवून सगळ्यांना दाखवू नयेत. संस्थेने ते बांधून, वर वर्ष लिहून, कोरड्या खोलीत ठेवावेत आणि दोन पिढ्या उघडू नयेत. हिशेब तपासणाऱ्याला ते आजही दिसावेत, बाकीच्यांना थांबू द्यावं. फुस्तातच्या त्या विधवेला पाव मिळाला तेव्हा तिची नोंद पर्नासाच्या कागदावर होती, आपल्याला ती वाचायला मिळाली नऊशे वर्षांनी. रायपूरच्या संस्थांनी साठ-सत्तर वर्षं थांबायची तयारी ठेवली तरी चालेल, फक्त येत्या पावसाळ्याआधी वह्या जमिनीवरून उचलून फळीवर ठेवाव्यात.